तळ्यासाठी सोडलेलं आवर्तन

लग्न होऊन आले त्या वर्षी चातुर्मासात मी एक नेम धरला होता. सांजवात लावायची आणि ज्योत स्थिर होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढाच. घरातली मंडळी हसायची. सासूबाई मात्र म्हणाल्या, "धर बाई. देवालाही कधी बोलायला सवड द्यावी." त्या नेमाचं उद्यापन झालं, त्या दिवशी त्यांनीच मला ही गोष्ट सांगितली. आता मी तुम्हाला सांगते. लहानांनी जवळ बसून ऐकावी, मोठ्यांनी हातातलं काम चालू ठेवून ऐकली तरी चालेल. मध्ये थोडी भीती वाटेल. वाटू द्यावी.

फार फार वर्षांपूर्वी एका मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव होतं. तळं इतकं खोल की त्याचा तळ कुणी पाहिलेला नव्हता. काठावर देवीचं देऊळ होतं आणि देवळाच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या. किती खाली गेल्या होत्या, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या देवळात राणबा नावाचा सनईवाला होता. त्याच्या जोडीला संबळ, झांज आणि चौघडा. असा त्यांचा ताफा देवीपुढे वाजवायचा. पण राणबाचे पुढचे दात हलायला लागले होते. सनई दातांमागच्या जोरावर वाजते. दात गेले की फुंक गेली. म्हणून त्याने आपल्या बहिणीची मुलगी शिकायला आणून ठेवली होती. तिचं नाव हौसा.

हौसा नावासारखीच होती. मामाने तिला एरंडाच्या देठाची पोकळ नळी दिली आणि पाण्याचा गडू दिला. "नळीतून पाण्यात फुंकत राहायचं," मामा म्हणाला. "गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. बुडबुडा थांबला तर सूर तुटला."

हौसा उठता बसता फुंकायची. गुरं पाण्यावर नेताना फुंकायची, चुलीपुढे बसून फुंकायची. मामी म्हणायची, "अगं, भाकरी करपली, तिच्याकडे तरी बघ." पुढे पुढे तिचे बुडबुडे थांबेनातच. मग सनई हातात आली, आणि सनईचा सूरही तुटेना. चौघडेवाले भिकोबा तिला चिडवायचे, "हौसे, मध्ये श्वास घेत जा गं. नाहीतर एक दिवस आम्हाला चौघडा सोडून तुला उचलून न्यावं लागेल."

"तुम्ही तुमचा चौघडा उचला भिकोबाकाका, तेवढं पुरे," हौसा म्हणायची, आणि सगळा ताफा हसायचा.

चैत्री पौर्णिमेला देवीचा उत्सव असे. त्या दिवशी ताफा देवळात बसत नसे. दिवेलागणीला पायऱ्यांवर, तळ्याकडे तोंड करून बसत असे. त्याची तालीम राणबाच्या अंगणात महिनाभर चालली. चाल सुंदर होती. पण तिच्यात एक विचित्र गोष्ट होती. चाल रंगात आली की मामा हात वर करायचा, आणि सगळे वाजवणं थांबवायचे. तालाचं एक अख्खं आवर्तन कुणी काही वाजवायचं नाही. मग हात खाली, आणि पुन्हा चाल सुरू.

हौसाने विचारलं, "मामा, इथे काय वाजवायचं असतं?"

"काही नाही. इथे आपण थांबायचं आणि ऐकायचं."

"काय ऐकायचं? इथे तर काहीच नाही."

"अंगणात काही नाही," मामा म्हणाला. "पायऱ्यांवर बसलीस की कळेल. ती जागा आपली नाही, एवढं ध्यानात ठेव."

हौसाला ते पटलं नाही. तिला वाटलं, जुन्या लोकांचा चालीचा एक तुकडा हरवला असेल, आणि आता हे त्या भोकालाच नमस्कार करत बसलेत. महिनाभर श्वास न तोडायला शिकायचं आणि ऐन रंगात आपणच तोडायचा? तिने मनातल्या मनात त्या जागेसाठी एक तुकडा रचला. गुरांमागे जाताना तो घोटून घोटून गुळगुळीत केला. उत्सवाला तिची आई येणार होती. मामाचं वाजवण्याचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी सनई कुणाकडे जावी, हे गाव त्या दिवशी ठरवणार होतं.

पौर्णिमा आली. दिवेलागण झाली. वारा पडला होता. तळं असं निवांत होतं की वरच्या पायऱ्या आणि पाण्यातल्या पायऱ्या यांत फरक दिसेना. ताफा बसला. खाली पाण्यात त्यांची प्रतिबिंबं बसली. मामाने सनई उचलली, हौसाने उचलली, खालच्यांनीही उचलल्या. चाल सुरू झाली आणि रंगत गेली. मग मामाने हात वर केला.

सगळे थांबले. खालचे मात्र थांबले नाहीत.

पाण्यातला मामा गाल फुगवून वाजवतच होता. पाण्यातले भिकोबा चौघड्यावर टिपरी टाकतच होते. आणि पाण्याच्या खूप खालून, ओल्या कापडातून यावा तसा, बारीक सूर वर यायला लागला होता. गावकऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

पण हौसाचं खाली लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत होती. तिने सूर तोडला नाही. तिने आपला तुकडा वाजवला. सुरेख वाजवला, खोटं कशाला सांगू. पण तो बारीक सूर तिच्या आवाजाखाली विझला. तेव्हा तिने खाली पाहिलं.

पाण्यातल्या हौसाने सनई मांडीवर ठेवली होती. ती मान वर करून हौसाकडे पाहत होती. रागाने नाही. आपल्या घरात कुणी न विचारता येऊन बसावं, आणि आपण त्याच्या उठण्याची वाट बघावी, तसं.

मामाने हात खाली केला. चाल पुन्हा सुरू झाली. हौसाने फुंक मारली आणि सनई वाजलीच नाही. सनईच्या तोंडची पत्ती ओली होती, बोटं जागेवर होती, हवा जात होती, पण आवाज नाही. दूर तळ्याच्या मध्यावर मात्र बुडबुड्यांची एक रांग उठली आणि तिथून सूर आला. तो हौसाचाच सूर होता. तिने फुंक थांबवली, तो थांबला. तिने पुन्हा फुंकली, तो पुन्हा उठला.

लोक मुलांना कडेवर घेऊन घराकडे निघाले.

त्यानंतर कितीतरी दिवस तसंच चाललं. हौसाने अंगणात सनई फुंकली तरी आवाज तळ्यातून यायचा. पाण्याला आलेल्या बायकांच्या घागरीत बुडबुडे उठायचे. कोळी तळ्याच्या मध्यावर जाळं टाकेनासे झाले. गडूत वाकून पाहिलं तर हौसाला आपला चेहरा दिसायचा, पण गाल फुगवलेला, वाजवत असलेला. ती पाणी डोळे मिटून प्यायला लागली.

आई म्हणाली, "चल घरी. सनई देऊन टाक मामाला." मामाचे पुढचे दोन दात तोवर पडलेही होते. हौसाने सनई खाली ठेवली, तर देवीपुढे सनई वाजवणारं कुणी उरणार नव्हतं.

"मामा," हौसा रडत म्हणाली, "मला रागवा तरी."

"रागावून तुझा आवाज परत येणार असेल तर रागावतो," मामा म्हणाला. "पण तो माझ्याकडे नाही ना पोरी."

"खाली कोण आहे?"

"मला ठाऊक नाही. माझे गुरू म्हणायचे, आपल्या आधी या पायऱ्यांवर वाजवून गेलेले. त्यांचे गुरू म्हणायचे, खुद्द देवी. मी विचारत बसलो नाही. वर्षभर आपण त्यांना ऐकवतो. एक आवर्तन ते आपल्याला ऐकवतात. तू ते त्यांच्या तोंडातून काढून घेतलंस."

"मग आता मी काय करू?"

"जे घेतलंस ते परत दे," मामा म्हणाला.

हौसाने रात्रभर विचार केला आणि सकाळी एक नेम धरला. रोज दिवेलागणीला शेवटच्या कोरड्या पायरीवर जायचं, सनई मांडीवर ठेवायची, आणि एक आवर्तन होईल इतका वेळ काही वाजवायचं नाही. मनातसुद्धा नाही.

बोलायला सोपं आहे. सुरुवातीला तिची बोटं आपसूक हलायची. मनात तो गुळगुळीत तुकडा फिरत राहायचा. खाली दुसरी हौसा तिच्याकडे बघत बसायची आणि इकडे हिला भीतीने उठून पळावंसं वाटायचं. पण ती रोज गेली. तापात गेली, पावसात इरलं डोक्यावर घेऊन गेली. हळूहळू बोटं थांबली, मग मन थांबलं. आणि एका संध्याकाळी खालच्या हौसाने सनई ओठांना लावली.

हौसाने आपलं वाजवणं, स्वतः न वाजवता, पहिल्यांदा ऐकलं. तिच्या लक्षात आलं, आपण एकही सूर पुरता होऊ देत नाही. पहिला टेकायच्या आत दुसरा ढकलतो. जेवणाऱ्याच्या तोंडातला घास संपायच्या आत दुसरा कोंबावा, तसं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं. त्या दिवसापासून ती घाबरायची थांबली.

वर्ष फिरलं. पुन्हा चैत्री पौर्णिमा आली. मामाने झांज हातात घेतली आणि सनईच्या जागी हौसाला बसवलं.

"मुकी सनई पुढे बसवली," मागे कुणीतरी पुटपुटलं.

"तुझी कुजबुज ऐकू येण्यापेक्षा मुकी बरी," भिकोबा मागे न बघता म्हणाले.

चाल सुरू झाली. हौसा फुंकत होती, सूर तळ्याच्या मध्यावरून येत होता. आया मुलांना जवळ ओढत होत्या. चाल रंगात आली. आता हात वर करायचं काम हौसाचं होतं.

फुंक चालू होती तोवर निदान दुरून का होईना, तिचा सूर लोकांना ऐकू येत होता. तो थांबवला आणि पुन्हा उठलाच नाही तर? खालून कुणीच काही वाजवलं नाही तर? देवी, तळं, ताफा, सगळं कायमचं मुकं होईल आणि ते तिच्यामुळे होईल.

तिने हात वर केला. सनई मांडीवर ठेवली.

काही आलं नाही. पाणी काळं होत गेलं. कुणीतरी खोकलं. एक मूल रडायला लागलं आणि आपणच गप्प झालं. हौसा ऐकत राहिली. आवर्तन निम्म्यावर आलं असेल नसेल, तेव्हा पाण्यातल्या हौसाने तिला मान लववली आणि खालून सूर आला. एक नाही, अनेक सनया. जवळच्या, लांबच्या, आणि इतक्या खोलच्या की त्या कानाला नव्हे, पायरीच्या दगडातून पायाला ऐकू येत होत्या. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आवर्तन संपलं. हौसाने हात खाली केला आणि सनई उचलली. सनईच्या तोंडातून तळ्याचं पाणी ठिबकलं, आणि त्यामागून सूर आला. तिच्या हातातून, तिच्या श्वासातून. एक सूर पुरता झाला, मग दुसरा आला.

पुढे हौसाने म्हातारी होईपर्यंत देवीपुढे वाजवलं. कोळी पुन्हा तळ्याच्या मध्यावर जाऊ लागले. एक गोष्ट मात्र कधीच बदलली नाही. ती पाण्यात वाकायची तेव्हा तिचं प्रतिबिंब तिच्यामागून हलायचं, एका श्वासाच्या अंतराने. नवखे दचकायचे. हौसा ते पोचेपर्यंत थांबायची, मगच उठायची.

जी जागा आपली नाही ती मोकळी सोडणं, हीसुद्धा वाजवण्याइतकीच मोठी सेवा आहे.

तेव्हा बायांनो, बाळांनो, एवढं माझ्यासाठी करा. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच आपलं सुरू करू नका. एक श्वास सोडून द्या. त्याच्या मनात तळाशी काही राहिलं असेल, तर त्याला वर यायला वेळ लागतो.