नांदवडीचा नगारा

राजा भुजंगसेन सकाळपासून महालात येरझारा घालत होता. राजधानीतले तांबट एकामागून एक नदीपल्याडच्या नांदवडीला बिऱ्हाड हलवत होते. शेवटी त्याने दसऱ्यासाठी आणलेला नवाकोरा नगारा बडवून दवंडी दिली, “वेस ओलांडेल त्याचे हातोडे जप्त!”

यसू तांबटीण तेव्हा भरलेली गाडी घेऊन वेशीतच होती. शिपायांनी तिला गाडीसकट राजवाड्यावर आणलं. बाहेर बैल खूर आपटत होते आणि आत तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. हातोडे गेले तर खायचं काय?

“असं काय आहे गं त्या नांदवडीत?” राजा कडाडला.

यसूने नगाऱ्याकडे बोट दाखवलं. “महाराज, याचं तांब्याचं भांडं कुणी घडवलं?”

“नांदवडीकरांनी! इथे भट्टी पेटवायला कोतवालाची परवानगी, कोळशाला कारभाऱ्याची, ठोकाठोकीला आणखी तिसऱ्याची. दसरा उलटून गेला असता! इतकं कोण थांबतं?”

बोलता बोलता राजा थबकला.

“एका नगाऱ्यासाठी तुम्हाला दम निघाला नाही, महाराज. आमच्या चुलींना कसा निघावा?”

राजा हळूच म्हणाला, “वेस उघडा रे.”

“वेस राहू द्या,” यसू म्हणाली. “परवानगीवाचून भट्टी पेटवू द्या. बैल मी आत्ता सोडते.”