वाकडी भिंत दाखवणारा सटवा

बोरगव्हाणात सगळी घरं माळवदाची होती, दगडी भिंती आणि वर मातीचं सपाट छप्पर, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या गावात तेव्हा सटवा नावाचा गवंडी राहायचा. त्याने नुसता थोपटला तरी दगड आपणहून जागेवर बसायचा, असं म्हणतात. तरी त्याला कामं मिळत नसत, आणि त्याला कारण तो स्वतःच होता.

काम ठरवायच्या वेळी दुसरे गवंडी आपलं उत्तम काम दाखवत. सटवा मात्र येणाऱ्याला खालच्या आळीत न्यायचा आणि एका वाकड्या भिंतीपुढे उभं करायचा. "ही म्या बांधली," एवढंच सांगायचा. लोक पोट धरून हसायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे. खुळाच म्हणा ना, पण मला हा माणूस फार आवडतो.

गावात कोंडाबाई नावाची एक विधवा होती. तिच्या लेकीचं, हौसाचं, लग्न आठ दिवसांवर आलं आणि नेमकं तेव्हाच घराच्या पुढच्या भिंतीला पोट सुटलं. भिंत वऱ्हाडाच्या अंगावर कोसळतेय, हेच तिला सारखं दिसायचं. बिचारीच्या घशाखाली घास उतरेना. तिने दोन गवंडी बोलावले. पहिल्याने वेशीची कमान दाखवली आणि चार दिवसांत भिंत उभी करतो म्हणाला. सटवाने आपली वाकडी भिंत दाखवली. कोंडाबाई हसली नाही. वाकडी का झाली, एवढंच तिने विचारलं.

"पाया खणताना घुशीचं बीळ लागलं हुतं, आक्का. म्या वरनं माती दाबली अन् फुडं गेलो. आता बीळ लागलं की थांबतो."

तिने काम सटवाला दिलं. गावाने तिला वेड्यात काढलं.

सटवाने माळवदाला लाकडी टेकू दिले, भिंत उतरवली, पाया उकरला, आणि तिथेही बीळ लागलं. मग तो थांबला आणि बिळाच्या मागे खणत निघाला. ते बीळ सात घरांच्या पायाखालून गेलं होतं, असं म्हणतात. आधी लोकांनी त्याला शिव्या घातल्या. मग आपापल्या घराखालचं भगदाड बघितलं आणि तेच लोक पाट्या घेऊन धावले. सात दिवस सगळं गाव दगड भरत होतं. आठव्या दिवशी सातही घरांचा पाया पक्का झाला होता आणि कोंडाबाईच्या घराला पुढची भिंतच नव्हती.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. नवऱ्याच्या मामाने दार कुठे म्हणून विचारलं.

कोंडाबाई म्हणाली, "दार कशाला, पाव्हणं? तुमच्यासाठी सगळं घरच उघडं ठेवलंय."

मामा असा हसला की त्याचा फेटा सुटला. लग्न सगळ्या गल्लीला दिसलं, कुणी म्हणून बाहेर राहिलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना एक टेकू सरकला आणि तुळई करकरली. सटवाने धावत जाऊन तिला खांदा दिला. शेवटच्या अक्षता पडेपर्यंत त्याने सगळं माळवद एकट्याने तोलून धरलं, असं म्हणतात. पुरणपोळ्याही तिथेच उभ्याउभ्या खाल्ल्या आणि दोनदा मागून घेतल्या, असंही म्हणतात. जेवणं झाल्यावर नवरदेवासकट सगळ्या वऱ्हाडाने हातोहात दगड दिले. दिवेलागणीला भिंत उभी राहिली आणि तिच्या नव्या दारातून हौसा सासरी गेली. कोंडाबाई त्या दिवशी पोटभर रडली आणि पोटभर जेवली.

तेव्हापासून बोरगव्हाणात घराचं काम कुणाला द्यायचं, हे सटवाचं नाव घेऊन ठरतं. परवा तालुक्याहून एक ठेकेदार आला. त्याने मोबाईलवर पन्नास बंगल्यांचे फोटो दाखवले. सरपंचबाईंनी सगळे निवांत बघितले, त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "लई झ्याक. आता सटवाच्या नावानं, चुकलेलं एक दाखवा."

ठेकेदार मोबाईल खिशात घालून चहा प्यायला. मग उठला आणि म्हणाला, "चला, बसा गाडीत."