गंध्याचं उपरणं

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरीत राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व गंध्यांच्या कुळात जन्माला आले होते. त्या जन्मी त्यांचं नाव मेघिल. आपणही कथा संपेपर्यंत त्यांना नुसतं मेघिलच म्हणू या, कारण या कथेत ते भलतेच गोंधळलेले आहेत, आणि गोंधळलेल्या माणसाला फार आदरानं हाक मारली की तो आणखीच गोंधळतो.

मेघिल राजाचा गंधपरीक्षक होता. चंदन, केशर, कस्तुरी, वाळा, राजवाड्यात येणारी प्रत्येक सुवासिक वस्तू आधी त्याच्या नाकाखालून जायची. गंध्यांची एक जुनी रीत होती. लागोपाठ दोन वास घेतले की नाक भांबावतं, म्हणून एक वास घेतला की गंधी खांद्यावरच्या आपल्या उपरण्यात नाक खुपसायचा, दोन श्वास घ्यायचा आणि मग दुसऱ्या वाटीकडे वळायचा. आपल्या कपड्याला आपल्यासाठी वास नसतो, त्यात नाक कोरं होतं, असं वाडवडील सांगत आले होते. मेघिल तीस वर्षं हेच करत होता.

त्या वर्षी राजाच्या अभिषेकासाठी रेवल नावाच्या व्यापाऱ्यानं दक्षिणेच्या डोंगरातून चंदनाची खोडं आणली. रेवल हा मेघिलचा लहानपणापासूनचा सोबती. मेघिलनं खोड सहाणेवर उगाळलं, हुंगलं, उपरण्यात नाक घातलं, पुन्हा हुंगलं. चंदन फिकं लागत होतं. अभिषेकाच्या चंदनात भेसळ करणाऱ्याला पोतलीत एकच शिक्षा होती. बायकामुलांसह नदीपार हद्दपारी, आणि परत पाऊल टाकलं तर मरण. आदल्याच वर्षी कालिक नावाचा व्यापारी मेघिलच्या शब्दावर असाच हाकलला गेला होता. आता तीन दिवसांनी भरसभेत रेवलविषयी साक्ष द्यायची होती.

हे कानावर जाताच रेवल धापा टाकत मेघिलच्या घरी आला.

"अरे मेघिल, माझा बाप ज्या रानातून चंदन आणायचा, त्याच रानातलं हे! पोरांच्या गळ्याची शपथ. तुला झालंय तरी काय?"

"मला काय व्हायचंय? फिकं आहे ते फिकं आहे."

"माझ्या गाडीमागून चालणाऱ्यांची डोकी धरली वासानं!"

"लोकांना काय कळतंय?"

म्हणाला खरा, पण रेवल डोळे पुसत पायऱ्या उतरल्यावर मेघिलला राहवेना. त्यानं ते चंदन चार गंध्यांना दाखवलं. एक म्हणाला, "आपण म्हणाल तसं." दुसरा म्हणाला, "फिकं म्हटलं तर फिकं, नाही म्हटलं तर नाही." उरलेले दोघे वाटीकडे बघेचनात, मेघिलच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काय बोडक्याचा उपयोग अशा सल्ल्याचा! शेवटी त्यानं बायकोला विचारलं.

चंपिकानं हातातलं सूप खाली ठेवलं. "खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही. सांग."

"अहो, तुम्ही दिसायच्या आधी तुमचं चंदन येतं. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मी चुलीवर पाणी चढवते. तुमची उपरणी घाटावर नेली की बाया माझ्याजवळ धुणं धूत नाहीत. त्यांच्या लुगड्यांना वास लागतो म्हणतात."

"माझ्या उपरण्याला? वास?" मेघिलनं नाक खुपसलं. काही नाही. पुन्हा खुपसलं. नुसतं कापड. "हे आजवर सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही अख्ख्या नगरीचं नाक! तुम्हाला मी काय सांगणार, कप्पाळ?"

झालं, मेघिलचं डोकं गरगरायला लागलं. चंपिका म्हणते ते खरं असेल तर तीस वर्षं तो चंदनातच नाक बुडवून चंदन तपासत होता. पण ती चुकत असेल तर? रेवलची बायको तिची मैत्रीण. तिला वाचवायला बोलत असेल तर? आणि आपलं नाक बिघडलंय की शाबूत आहे, हे तपासायचं कोणत्या नाकानं? स्वतःच्याच! त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाव करून नदीपार गेला. आपल्याला न ओळखणारं आणि आपल्याला न भिणारं माणूस त्याला हवं होतं. पलीकडच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. मेघिलनं आपलं उपरणं आणि पानावर घेतलेला रेवलच्या चंदनाचा लेप तिच्यापुढे धरला.

"बाई, एवढं सांगा. कशाला चंदनाचा वास जास्त?"

बाईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग दोन्ही हुंगली. "लेप चांगला आहे. पण कापडाला जास्त. ते जरा लांब धरा, म्हशी बुजतात."

मेघिलनं तिचं कांबळं मागून घेतलं. म्हशीचा आणि धुराचा वास होता त्याला. त्यात दोन श्वास घेऊन त्यानं रेवलचा लेप हुंगला, आणि चंदन असं भसकन नाकात शिरलं की डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर त्याला हलकं वाटलं. लगेच शंका आली. या कांबळ्यानंतर तर चिखलसुद्धा सुगंधी वाटेल! मग खरा वास कोणता?

"इथं कधीपासून राहता?" त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"वर्ष झालं. आधी पोतलीत आमचा चंदनाचा व्यापार होता. गंध्याला ते फिकं लागलं. मालक हिवाळ्यात तापानं गेले." एवढं बोलून ती पुन्हा म्हशीची पाठ चोळू लागली.

'तो गंधी मीच' एवढं सांगायचं मेघिलला धाडस झालं नाही. कांबळं परत देऊन तो तसाच नावेत बसला. आपली लाज त्याला त्या वेळी असह्य झाली.

साक्षीच्या दिवशी सभा भरली. एका बाजूला रेवल हात जोडून उभा होता.

"बोल मेघिल," राजा म्हणाला. "चंदन शुद्ध आहे की नाही?"

"महाराज, उपरण्यात नाक घालून हुंगलं तर फिकं लागतं, कांबळ्यात घालून हुंगलं तर उग्र लागतं. कुणाचंच नाही असं कापड मला मिळालं नाही. मला नक्की कळत नाही."

राजा चिडला. "तुला नाही तर कुणाला कळणार? तुझ्या नाकाचा भरवसा धरायचा तरी कसा?"

"धरू नये, महाराज. माझ्याच नाकाविषयी माझी साक्ष चालायची नाही. ज्यांना माझी भीती नाही आणि रेवलशी ज्यांचं देणंघेणं नाही, त्यांना विचारा. आणखी एक. गेल्या वर्षी कालिकचं चंदन मी याच उपरण्यानं तपासलं होतं. कालिक आता जिवंत नाही."

राजानं चौकातून कुंभार, कोळीण, चांभार आणि फुलवाली अशा चौघांना बोलावलं आणि चंदन कुणाचं ते न सांगता हुंगायला दिलं. चौघांनी वेगवेगळे येऊन एकच सांगितलं, की एवढं दाट चंदन आम्ही कधी हुंगलं नव्हतं. रेवल सुटला. कालिकच्या घरच्यांची हद्दपारी उठली. मेघिलनं उपरणं सिंहासनापाशी ठेवलं, पद सोडलं आणि राजाज्ञा घेऊन तो स्वतः पुन्हा नदीपार गेला.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या घरावर ही वेळ आणणारा गंधी मी."

"ठाऊक आहे मला. त्या दिवशी वासावरूनच ओळखलं. गेल्या वर्षी तुम्ही आमच्या दाराशी आलात तेव्हा मी आत होते, तेव्हाही हाच वास होता."

मेघिलनं विचारलं, "मग खोटं का नाही सांगितलंत? भरसभेत माझी साक्ष चुकून फजिती झाली असती, सूड उगवला असता."

"तुम्ही उपरण्याचं विचारलंत, मी उपरण्याचं सांगितलं." ती म्हणाली. "गेल्या वर्षी विचारलं असतंत ना, तर तेव्हाही सांगितलं असतं."

मेघिल तिथंच काठावर बसून हमसून हमसून रडला. त्यानंतर पोतलीतले गंधी वास पारखायला बसण्याआधी आपलं उपरणं दुसऱ्या कुणाच्या तरी हाती हुंगायला देऊ लागले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा प्रवारणेच्या दिवशी सांगितली. वर्षावासाचे तीन महिने संपताना भिक्षू एकमेकांना आपले दोष विचारतात, तो हा दिवस. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा सुबाहू म्हणजे आज या विहाराला लाकूड पुरवणारा गृहपती. रेवल म्हणजे भिक्षू नंदिल. चंपिका ही आज नगरवेशीवरची एक उपासिका, आणि कालिकची पत्नी म्हणजे भिक्षुणी केसरा. मेघिल तो मीच."

एका भिक्षूनं चाचरत विचारलं, "भगवन्, मग माणसाला स्वतःचा वास कधी येतच नाही का?"

शास्त्यांनी स्वतःच हात जोडले. "भिक्षूंनो, या तीन महिन्यांत माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हाला काही खटकलं असेल, तर सांगा."

शास्ते हात जोडून वाट पाहत राहिले. या कथेतला गुण सत्य हा आहे, जे स्वतःविषयी दुसऱ्याला विचारावं लागतं आणि बसून ऐकून घ्यावं लागतं.