आईच्या नावाचा कोकोलाडू

डोंगराच्या पायाशी सुपारीची एक बाग होती. वर उंच उंच सुपाऱ्या आणि त्यांच्या सावलीत बुटकी बुटकी कोकोची झाडं. बागेच्या कडेला एका झोपडीत सलोमी नावाची चिमुरडी मुलगी आईबरोबर राहायची. झोपडी एवढीशी, तिची खिडकी तर आणखीच इवलीशी. थंडीत फटीफटीतून वारा आत यायचा, तेव्हा आई स्वतः कुडकुडायची आणि आपली ओढणी सलोमीच्या कानांना घट्ट बांधायची. वडील नव्हते. आई दिवसभर सुपाऱ्या सोलायची, त्यावर दोघींची चूल पेटायची.

पण सलोमीचं खरं दुःख वेगळंच होतं. गेल्या वर्षी आईला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना आईचा आवाज घेऊन गेला. नाताळची गाणी सुरू करायची ती तिची आई, आणि आता तिच्या गळ्यातून नुसती हवा यायची. संध्याकाळ झाली की बाकीच्या मुलांना त्यांच्या आया हाका मारायच्या, आणि सलोमीची आई दारात उभी राहून डावानं थाळी वाजवायची. टण टण टण!

"सलोमे, पळ पळ, शाळेची घंटा झाली!" योना ओरडायचा. तो शेजारचाच, तोंडाचा भारी वांड. सगळी मुलं हसायची. सलोमीही हसायची, आणि घरी जाताना हळूच डोळे पुसायची. आईनं एकदाच, फक्त एकदा, आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

नाताळ अजून लांब होता तेव्हाची गोष्ट. एका गारेगार सकाळी सलोमी बागेत पडलेल्या काटक्या वेचत होती. कोकोच्या झाडाला फुलं फांदीवर नाही, खोडावरच येतात. इवली इवली, गुलाबी-पांढरी, जणू कुणी खोडाला टिकल्या लावल्यात. त्यातली एक टिकली थरथरत होती. सलोमीनं वाकून पाहिलं, तर ते फूल नव्हतंच! ती होती बोटाच्या पेराएवढी परी. अंग कोकोसारखं तपकिरी तुकतुकीत, डोळ्यांत सोनेरी ठिणग्या, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ पंख दवानं भिजून पाठीला चिकटलेले.

"अगंबाई! तुला थंडी वाजतेय का गं?" सलोमीनं विचारलं.

"वाजतेय म्हणजे काय! माझे दात ऐकू येत नाहीत का तुला?" परी म्हणाली.

सलोमीनं तिला अलगद तळहातावर घेतलं. आधी हात फ्रॉकला पुसले बरं का, मगच घेतलं. आणि तोंड जवळ नेऊन हळूच "हाऽऽ" केलं. पुन्हा "हाऽऽ". ऊबदार वाफेनं पंख सुटे झाले, सुकले आणि झगमग झगमग चमकायला लागले.

परी खुदकन हसली. खोडाला लटकलेल्या एका फळाला तिनं बोट लावलं. हिरवं फळ पिवळं झालं, पिवळ्याचं केशरी झालं, आणि केशरी होता होता सोन्यासारखं लखलखलं.

"हे तुला. यातल्या बियांचे कोकोलाडू कर. एकेक लाडू वळताना एकेकाचं नाव घे. गरम दुधात लाडू विरघळवून प्याला की त्या माणसाचं जे हरवलंय ते त्याला मिळेल. पण नियम ऐक. एकदा वळलेल्या लाडवाचं नाव बदलता येत नाही. आणि फळ हे एकच. पुन्हा मागायचं नाही."

"नाही मागणार," सलोमी म्हणाली. तिच्या मनात एकच नाव घुमत होतं.

तिनं बिया केळीच्या पानात गुंडाळून चांगल्या मुरू दिल्या. मग उन्हात वाळवल्या. आईनं त्या तव्यावर भाजल्या, तेव्हा झोपडीभर असा खमंग वास दरवळला की बाहेरची खारसुद्धा खिडकीत येऊन बसली. सालं पाखडली, बिया पाट्यावर वाटल्या, घरातली होती नव्हती ती सगळी साखर त्यात घातली. परीची गोष्ट मात्र सलोमीनं आईला सांगितली नाही. उगाच आशा लावायची आणि काही झालंच नाही तर?

आता त्या गावाची एक रीत होती. नाताळच्या आठवड्यात घराघरांतून ताटं फिरायची. करंज्या, चकल्या, केक, ज्याच्याकडे जे असेल ते, वर विणलेला रुमाल झाकून. आणि आलेलं ताट कधीही रिकामं परत जायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी त्यात ठेवायची. रिकामं ताट परत करायचं म्हणजे, "तुमचं आमचं संपलं" असं सांगायचं.

सलोमीचं मन मोठं. तिला वाटलं, आपल्याकडे ताटं येतील, मग आपणही सगळ्यांना कोकोलाडू देऊ. तिनं लाडू वळायला घेतले. दुकानवाल्या लाजरसकाकांचं नाव घेतलं. शाळेतल्या बाईंचं घेतलं. चिडवणाऱ्या योनाचंसुद्धा घेतलं! आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात गोल, सगळ्यात गुळगुळीत लाडू वळताना हळूच म्हणाली, "आई." भांडं पुसून निघालं. कोको संपला.

तो लाडू तिनं पतंगाच्या लाल कागदात बांधून ठेवला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, गाण्यांच्या अगदी आधी, आईला द्यायचा होता तो.

ताटं येत गेली, लाडू जात राहिले. आणि काय नवल! लाजरसकाकांचं हसू कित्येक वर्षांपूर्वी हरवलं होतं. ते दूध प्याले आणि असे खो खो हसले की तराजूची पारडी हलली. बाईंना त्यांची बालपणीची मैत्रीण सापडली. योनाचा हरवलेला कुत्रा शेपूट हलवत दारात उभा! सलोमीचं काळीज आनंदानं धडधडायला लागलं. खरंच आहे तर. आता आईची हाक येणार!

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी दारात काठी वाजली. सगुणाकाकू आली होती. वाडीच्या टोकाला ती एकटीच राहायची. म्हातारी, वाकलेली, म्हणून तिचं ताट सगळ्यांच्या शेवटी पोचायचं.

"हे घे गं पोरी. नारळाच्या वड्या केल्यात. जरा कडक झाल्यात. तुझे दात आहेत, माझे कुठे आहेत?" ती हसली. "ताट सावकाश पाठव हो." आणि काठी टेकत निघून गेली.

सलोमी जागच्या जागी थिजली. सगुणाकाकू! आईच्या तापात उशाशी बसून राहिली ती सगुणाकाकू. आईला पेज भरवायची, सलोमीला निजवायची. योनाचं नाव आठवलं, लाजरसकाकांचं आठवलं, आणि हिचंच कसं विसरलो आपण?

तिनं डबे उघडले. साखरेचा कण नव्हता, ताटांतून आलेला फराळही संपला होता. आईनं फळीवरच्या लाल कागदाकडे बोट दाखवलं. म्हणजे, तो आहे की, तोच दे.

"नाही! तो नाही द्यायचा, आई. तो तुझा आहे!"

आईनं मान हलवून पुन्हा बोट दाखवलं. पण सलोमीनं ऐकलं नाही. तिनं ताट धुतलं, पुसलं, काकूच्या ओट्यावर ठेवलं, आणि हाकही न मारता पळून आली. तिला वाटलं, काकू जुनं माणूस, समजून घेईल.

संध्याकाळी चर्चच्या अंगणात कागदी चांदण्या लुकलुकायला लागल्या. लाल, निळ्या, पिवळ्या. मुलं जमली, बाया जमल्या. दरवर्षी सगुणाकाकू आपला जुना कंदील घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. आज तिची जागा रिकामी होती.

"काकू कुठाय रे?" सलोमीनं विचारलं.

"मी गेलो होतो बोलवायला," योना म्हणाला. आज तो चिडवत नव्हता. "ओट्यावर बसलीय. ताट मांडीवर घेऊन. म्हणाली, त्या घरानं मला रिकामं ताट धाडलं, आता मी कुणासाठी येऊ? सलोमे, असं का केलंस गं?"

 सलोमी घरी धावली. चुलीवर दूध तापत होतं, आई गाण्याला जायची तयारी करत होती. सलोमीनं फळीवरून लाल पुडी काढली आणि आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.  आईनं सलोमीच्या कानांना ओढणी बांधली आणि तिला दाराकडे वळवलं.

काकू अजून ओट्यावरच होती.

"काकू..."

"कशाला आलीस? थंडी आहे. घरी जा."

"काकू, मी चुकले. लाडू वळताना मी सगळ्यांची नावं घेतली. तुझंच विसरले." तिला हुंदका आवरेना. "हा घे. हा खूप चांगला झालाय."

काकूनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. "मला वाटलं, मी तुमची राहिलेच नाही," ती म्हणाली. मग काठी टेकत उठली. तिच्या चुलीवर शेळीचं दूध होतं. लाडू दुधात सोडला. तो फिरत फिरत विरघळला, दूध तपकिरी झालं, वर सोनेरी फेस आला. काकू फुंकर मारून मारून, घोट घोट करून प्याली. सलोमी बघत राहिली. शेवटच्या घोटाबरोबर आईची हाक निघून गेली.

"गोड आहे हो," काकू म्हणाली. "आण तो कंदील."

काकू चर्चकडे निघाली, पण सलोमीला पुढे जाववेना. ती बागेत शिरली आणि कोकोच्या झाडाला डोकं टेकून रडायला लागली.

"परी, मी पुन्हा मागायला नाही आले. तुझं फळ मी वाया घालवलं, एवढंच सांगायला आले."

खोडावरचं एक फूल उजळलं. परी तिच्या करंगळीवर येऊन बसली.

"लाडवाचं नाव बदलत नाही, असं मी म्हटलं होतं. ते कुणी प्यावं, हे कुठे म्हटलं होतं? सलोमी, तो कुणाच्याही तोंडात गेला, तरी ज्याच्या नावाचा त्यालाच पोचतो. तुला हे माहीत नव्हतं, तरी दिलास तू."

सलोमीनं मान वर केली. "म्हणजे आई... आणि काकू? काकूचं काय? तिच्यासाठी एक... इवलासा..."

परीनं मान हलवली. तिचे सोनेरी डोळेही ओले झाले होते. "तिचं नाव घेतलं गेलं नाही, बाळा. आणि आजची दुपार ती एकटी रडली, ते मलाही पुसता येत नाही. तेवढं तुझ्याकडे राहील."

मग परी सोन्याच्या धुळीसारखी पसरत गेली. खोड उजळलं, पानं उजळली, सबंध बाग क्षणभर मधासारखी पिवळी झाली आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

चर्चच्या बाजूनं हाक आली.

"सलोमीऽऽ!"

आवाज पूर्वीसारखा गोड नव्हता. चिरका होता, मधेच फाटत होता. पण आईचाच होता. सलोमीनं दोन्ही हात छातीशी धरले आणि ओ दिलीच नाही. तिला आणखी एकदा ऐकायचं होतं.

"सलोमीऽऽ! अगं सलोमीऽऽ!"

"अगं, ओ दे की गं पोरी!" सगुणाकाकूचा आवाज तिच्या पाठोपाठ आला. "आईचा घसा बसेल ना पुन्हा!"

"ओऽऽ!" म्हणत सलोमी सुटली. अंगणात दोघीजणी कंदील धरून उभ्या होत्या. ती आधी कुणाच्या गळ्यात पडली, ते धुक्यात कुणालाच दिसलं नाही.