भिंतीवरची मोट

फार जुनी गोष्ट आहे. कोणत्या राजाच्या काळातली, ते कोणी लिहून ठेवले नाही. दिवस मात्र ठाऊक आहे. चैत्र वद्य पंचमी होती. आभाळ सकाळपासून पिवळट होते, वारा पडलेला होता आणि गावच्या विहिरीत सहा पुरुष खोल पाणी होते.

तुम्ही लहान असाल तर ही गोष्ट सावकाश ऐका. मोठे असाल तर ऐकता ऐकता आपले घर एकदा आठवून पाहा.

त्या गावात एकच मोठा पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढवलेले चार हजार दोनशे नागवेल. मळा एका मळेकऱ्याचा होता, पण त्यावर अकरा घरे जगत होती. कोणी पाने खुडी, कोणी वेल बांधी, कोणी पाट वळवी. नागवेल फार नाजूक. उन्हाळ्यात चार दिवस पाणी चुकले तर तो मान टाकतो, आणि मान टाकलेला वेल पुन्हा उभा राहत नाही.

पाणी मोटेने काढत. मोट म्हणजे दोन अख्खी कातडी जोडून शिवलेली मोठी पिशवी. बैल उतारावरून खाली चालत गेले की ती भरून वर येई आणि तिच्या सोंडेतून पाणी पाटात पडे. गावाची एक जुनी रीत होती. एक मोट विहिरीवर चाले आणि दुसरी, राखीव, विहिरीजवळच्या छपरात टांगलेली असे. मोट शिवणारा म्हातारा दर अमावास्येला दोन्हींना करंजीचे तेल चोळी. राखीव मोटेला कोणी हात लावत नसे. तिच्या कातड्याची कोणी वहाणसुद्धा करत नसे.

त्या चैत्रात निरोप आला की राजाच्या तांबूलखान्याचा कारभारी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला गावात येणार आहे. राजवाड्याला वर्षभर पाने पुरवील असा एक मळा त्याला निवडायचा होता. मळेकरी हरखून गेला. त्याने पूर्वी एकदा राजधानीत त्या कारभाऱ्याची बैठक पाहिली होती. समोरच्या भिंतीला नक्षीचे कातडे मढवलेले होते आणि जमिनीवर रंगीत फरशीच्या तुकड्यांनी काढलेले तळे होते. ते तळे त्याच्या डोळ्यांपुढून कधी हललेच नव्हते. आता आपलीही बैठक तशीच करायची, असे त्याने ठरवले आणि राजधानीहून एक कारागीर बोलावला. तो कारागीर चैत्र वद्य पंचमीला येऊन पोचला.

कारागिराने ओटीवर पाच नमुने मांडले. कोरलेला साग, अंड्यासारखा घोटलेला चुन्याचा गिलावा, रंगवलेले कापड, चामड्याचा एक तळहाताएवढा तुकडा आणि निळ्या-पांढऱ्या फरशीच्या मूठभर कपच्या. मळेकऱ्याने पहिल्या तिन्हींकडे पाहिलेही नाही. चामड्यावरून त्याने अंगठा फिरवला. कपच्या उन्हात धरल्या. कारागीर सांगत होता की चामड्याने खोलीला ऊब येते, बोलणे घुमत नाही, आणि तुकड्यांची फरशी भर उन्हाळ्यात पायाला गार लागते.

मळेकऱ्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "गिलावा बरा दिसतोय की. पाहुणा पानं बघायला येतोय, भिंती नव्हे."

"मोठी माणसं आधी भिंती बघतात," मळेकरी म्हणाला. "तुला नाही कळायचं ते."

"नाही कळायचं. मी आपली मळ्यातच असते ना दिवसभर."

अडचण वेगळीच निघाली. भिंतीसाठी जाड, मुरलेले कातडे लागणार होते. नवे कातडे कमावायला चाळीस दिवस, आणि नक्षीकाम त्याच्यापुढे. तेवढे दिवस हातात नव्हते. गावात तयार कातडे एकच होते, आणि ते छपरात टांगलेले होते.

मळेकरी राखीव मोट मागायला म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने हातातली आरी खाली ठेवली. मग तो सांगू लागला की चालू मोट सोंडेच्या वळणावर झिजली आहे, आणि वैशाख अजून यायचा आहे.

"म्हातारबा, वर्षभर नुसती टांगून तर असते ती," मळेकरी म्हणाला. "छपरात टांगली काय आणि माझ्या भिंतीवर टांगली काय. लागली तर काढून देईन."

म्हातारा विचारात पडला. शेवटी म्हणाला, "बाजूचे टाके मी माझ्या हातानं उसवून देतो, म्हणजे जोडलेलं कातडं सलग पसरेल. ते पुन्हा एका दिवसात घालता येतात. पण दोन गोष्टी पाळा, धनी. कातड्याला भोक पाडायचं नाही. आणि आतल्या अंगानं तासायचं नाही. कडांना दोरी लावून टांगा."

मळेकऱ्याने हातात विड्याचे पान घेऊन शब्द दिला. त्या गावात पान हातात घेऊन दिलेला शब्द कोणी मोडत नसे.

कातडे बैठकीत आले. कारागिराने ते दोरीने टांगून पाहिले, चार पावले मागे सरला आणि हसला. असे नुसते टांगले तर कातडे वाळत घातल्यासारखे दिसते, तो म्हणाला. राजधानीत कातडे आतून तासून पातळ करतात, मग बारीक टोच्याने त्यावर मोर टोचतात आणि कडांना पितळी खिळे मारतात. मळेकऱ्याने त्या दिवशी नको म्हटले. दुसऱ्या दिवशी तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले की मोर केवढा होईल.

मोर पुरुषभर उंचीचा झाला. पिसाऱ्यातल्या एकेका डोळ्याला चाळीस-चाळीस भोके होती. बैठकीच्या दाराला पडदा लावलेला असे, त्यामुळे म्हाताऱ्याला ते दिसले नाही. त्याने एकदा विचारले, तेव्हा मळेकऱ्याने सगळे ठीक आहे असे सांगितले.

मग जमिनीचे काम निघाले. कारागिराने चांगल्या अख्ख्या फरश्या हातोडीने फोडल्या, निळ्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या, आणि चुन्याच्या थरात एकेक कपची अंगठ्याने दाबत तळे भरत आणले. वैशाख शुद्ध द्वितीयेला तळे पुरे झाले. मधोमध सात कमळे होती. पण चुना पक्का व्हायचा तर जमीन एकवीस दिवस ओली राहायला हवी होती. दिवसातून चार वेळा पाणी, आणि ते भरपूर.

आतापर्यंत मोट पहाटेपासून न्याहारीपर्यंत चाले. आता ती दिवस बुडेपर्यंत चालू लागली. सकाळचे पाणी वेलांना आणि दिवसभराचे पाणी कमळांना. मोट हाकणारा दुपारी बैलांच्या पाठीवर ओले पोते टाकी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "मळ्याला पाणी दिलं की पानं येतात. धन्यानं आता जमिनीला पाणी घातलंय. बघू काय उगवतंय." विहिरीचे पाणी सहा पुरुषांवरून अडीचवर आले. म्हाताऱ्याने अमावास्येची वाट न पाहता मोटेला दोनदा तेल चोळले. सोंडेच्या वळणावर कातडे बोटाला मऊ लागत होते. त्याने ते मळेकऱ्याच्या कानावर घातले. फरशी पक्की होईपर्यंत थांब, असे उत्तर मिळाले.

वैशाख वद्य अष्टमीला फरशी पक्की झाली. कारागीर आपली हत्यारे घेऊन राजधानीला निघून गेला. त्यानंतर पाचव्या दिवशी, त्रयोदशीला, सूर्य हातभर वर आलेला असताना मोट फाटली. बैल उताराच्या टोकाला पोचले होते. विहिरीत एक मोठा आवाज झाला, दोर हलका झाला आणि दोन्ही बैल गुडघ्यांवर आले. वर आली ती सोंडेपासून तळापर्यंत उललेली एक चिंधी होती.

मळेकरी धावत बैठकीत गेला. त्याने स्वतःच्या हाताने पितळी खिळे उपटले. कातडे खांद्यावर टाकून तो विहिरीवर आला, तोवर अकराही घरची माणसे तिथे जमली होती. त्याने ते म्हाताऱ्यापुढे ठेवले. म्हाताऱ्याने कातडे उचलले आणि दोन्ही हातांनी उन्हासमोर धरले.

कातड्यातून ऊन गळाले. विहिरीच्या काठावर, लोकांच्या पायांपाशी, ठिपक्याठिपक्यांचा एक मोर उमटला. त्याचा पिसारा मोट हाकणाऱ्याच्या पायांवरून पुढे गेला होता.

 म्हातारा म्हणाला, "धनी, यातून ऊन गळतंय. पाणी कसं थांबायचं?"

तरीही तो शिवायला बसला. दिवसभर त्याने मान वर केली नाही. मागून जुन्या मोटेची ठिगळे लावली, मेण भरले, राळ भरली. पण तासलेले कातडे सुई धरत नव्हते. एक टाका घट्ट केला की शेजारची दोन भोके एक होत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोट विहिरीत सोडली. ओझे हलके लागले म्हणून बैल उतारावरून भरभर गेले. मोट वर आली आणि सोंडेतून जेमतेम दोन तांबे पाणी पडले.

"पाणी नाही आलं," मोट हाकणारा म्हणाला, "पण मोर तरी आंघोळ करून आला." त्याच्या या बोलण्यावर तो स्वतःही हसला नाही.

आसपास दोनच गावे होती. एकाची राखीव मोट पाडव्यालाच विहिरीवर चढली होती. दुसऱ्या गावात मोट होती. मळेकरी तिथे गेला, हात जोडून उभा राहिला. त्या गावच्या लोकांनी त्याला बसायला घोंगडी टाकली, गूळ दिला, आणि सांगितले की राखीव मोट गावाबाहेर जात नाही. कमावलेली नसलेली दोन कच्ची कातडी मात्र त्यांनी दिली. म्हाताऱ्याने ती त्याच दिवशी चुन्यात घातली आणि बाभळीची साल कुटायला घेतली. चाळीस दिवस लागणार होते.

आता पाणी घागरींनी शेंदायचे. अकरा घरे पाळीपाळीने दोर ओढत. माणसांना पुरे, गुरांना निम्मे मिळे आणि वेलांना काही उरत नसे. मळेकऱ्याची बायको आपल्या वाट्याच्या घागरीतले पाणी मळ्याच्या एका कोपऱ्यात नेऊन ओती. सासऱ्याने लावलेले पहिले वेल त्या कोपऱ्यात होते. बाकीच्या मळ्यात पानांच्या कडा आधी पिवळ्या झाल्या, मग पाने शेवरीला चिकटून वाळली. मळ्यातून चालताना पायाखाली आवाज होऊ लागला.

एका दुपारी तिने पाहिले तर बैठकीचे दार उघडे होते. गोठ्यातले एक वासरू आत शिरले होते आणि निळे तळे चाटत होते. एक कपची चाटून झाली की दुसरी चाटी. तिने त्याला हाकलले नाही. नवऱ्याला बोलावले आणि ते दाखवले. तो दारात उभा राहिला.

"पानावर शब्द दिला होता तुम्ही," ती म्हणाली.

तो म्हणाला, "ती नुसतीच टांगलेली असायची गं. मला वाटलं, कुणाच्या उपयोगाची नाही."

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला कारभारी आला. ऊन कडक होते, आभाळात ढग नव्हता. आदल्या दिवशी मळेकऱ्याने ते कातडे पुन्हा भिंतीला ठोकले होते. त्याच्याजवळ दाखवायला दुसरे काही नव्हते. ओले होऊन वाळताना कातडे आखडले होते आणि मोराची मान वाकडी झाली होती. कारभारी अनवाणी तळ्यावरून चालत आला, लोडाला टेकला. भिंतीकडे त्याची एक नजर गेली, जमिनीकडे एक. 

मळेकऱ्याला राहवले नाही. बैठक कशी वाटली, असे त्याने विचारले.

"आमच्याकडे आहे अशीच," कारभारी म्हणाला. "घरी रोज बघतो मी. पान दाखवा."

बायकोने कोपऱ्यातल्या वेलांची पाच पाने ओल्या फडक्यात आणली. कारभाऱ्याने एक उचलले, देठ मोडला, रस पाहिला. पान चांगले आहे, असे तो म्हणाला. अशी रोज किती निघतील, असे त्याने विचारले. तिने खरे तेच सांगितले. त्याने पान फडक्यात परत ठेवले, तांब्यातले पाणी प्यायला आणि ऊन उतरायच्या आत पुढच्या गावाला गेला. तिथल्या विहिरीवर मोट चालू होती आणि छपरात दुसरी टांगलेली होती.

या गोष्टीचा बोध असा: अडल्या दिवसासाठी जे राखून ठेवलेले असते, ते रिकामे पडलेले नसते.

आषाढ शुद्ध द्वादशीला नवी मोट विहिरीवर चढली. त्या दिवशी ढगाळ होते, पाऊस नव्हता. मळ्यातल्या चार हजार दोनशे वेलांपैकी सव्वीस हिरवे होते, आणि अकरा घरांपैकी चार घरांत चूल पेटत होती.