खारवेळीच्या मथुरेची हाक

खारवेळीच्या खाडीत तेव्हा शिडाच्या होड्या चालत. यंत्राची फटफट कुणी ऐकली नव्हती आणि खाडीच्या मुखावर आज जो दिवा लुकलुकतो, त्याचा तर पत्ताच नव्हता. मथुरेची गोष्ट त्या काळातली. ज्यांनी ती आम्हाला सांगितली, त्यांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती. तेव्हा यातलं किती घडलं आणि किती सांगता सांगता वाढलं, ते विचारत बसू नका. ऐका म्हणजे झालं.

खारवेळीची खाडी समुद्राला मिळते ती दोन खडकांच्या मधून. वाट अगदी चिंचोळी. उघड्या दिवशी नवशिकासुद्धा त्यातून होडी आणील, पण मार्गशीर्ष लागला की पहाटे धुकं उतरायचं आणि मग स्वतःचा हात स्वतःला दिसायचा नाही. रात्रभर मासेमारी करून होड्या परतायच्या त्या नेमक्या याच वेळी. म्हणून गावानं एक रीत घातली होती. दोन बायका दोन खडकांवर उभ्या राहायच्या आणि हाक द्यायच्या. हाकेत शब्द नसायचा, नुसता लांब 'ओ'. उजव्या खडकावरची जाड हाक, डाव्या खडकावरची बारीक हाक. होडीवरचा तांडेल डोळे मिटून घ्यायचा, धुक्यात ते उघडे ठेवून तरी काय करायचे! जाड हाक उजव्या कानाला, बारीक हाक डाव्या कानाला, आणि मधून होडी. इतकं साधं होतं ते. शेवटची होडी आत येईपर्यंत हाक थांबायची नाही, आणि बदलायची तर मुळीच नाही.

हा मान एकाच घराकडे होता. आई होती तोवर आई आणि थोरली भागी उभ्या राहत. आई गेली आणि जाड हाक धाकट्या मथुरेकडे आली. मथुरा तेव्हा परकर नेसणारी पोर होती, पण आवाज असा भरदार, की म्हातारे तांडेल म्हणायचे, "हिची आईच उबी हाय जनू." भागीचं लग्न गावातच झालं होतं, धर्मा खारव्याशी. तिला दिवस गेले होते, तरी ती रोज पहाटे डाव्या खडकावर जायची. पोटातल्या पोरानं जन्माच्या आधी जर काही ऐकलं असेल, तर ती आईची बारीक हाक, असं सांगतात.

एका पहाटे धुकं फार वेळ राहिलं. दोघी बहिणी हाक देत होत्या. भागीचा आवाज गोड होता, आणि धुक्यातून पाण्यावरून येताना तो आणखीच गोड व्हायचा. ऐकता ऐकता मथुरेचा सूर सुटला. कसा सुटला ते तिला कळलं नाही. गर्दीत आपण शेजारच्याच्या पावलाला पाऊल लावून चालू लागतो आणि लक्षातही येत नाही, तसं झालं. तिचा आवाज वर सरकत गेला आणि भागीच्या आवाजात जाऊन मिसळला. दोन्ही खडकांवरून एकच सूर येऊ लागला. मथुरेच्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर तिनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, आज कधी नव्हे ती हाक मनासारखी लागली.

धर्माची होडी तेव्हा मुखाशी होती. त्याच्या दोन्ही कानांत एकच सूर. उजवा खडक कुठला, डावा कुठला, कळेना. त्यानं अंदाजानं सुकाणू वळवलं आणि होडी खडकावर फुटली. बाकीचे पोहत निघाले, धर्मा निघाला नाही.

गावानं मथुरेला शब्दानंही दुखावलं नाही. पोर आहे, चुकली, असं सगळे म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. भागी तर रडलीसुद्धा नाही. फक्त बाराव्या दिवशी बहिणीला म्हणाली, "मी नाय उबी ऱ्हायाची गो तुज्यासमोर. ह्या जन्मात नाय." आणि त्यानंतर तिनं मथुरेशी बोलणं टाकलं.

हाक बंद पडली. दुसऱ्या कुणी बाईनं त्या खडकांवर चढायचं धाडस केलं नाही. धुकं पडलं की होड्या बाहेर समुद्रात धुकं फिटायची वाट बघत राहायच्या. वारा नसला तर ठीक, असला तर एखादी जायची. प्रत्येक वेळी बायका छाती पिटायच्या आणि मथुरा घराच्या मागच्या दारी गुडघ्यांत डोकं घालून बसायची. एका होळीनंतर ती दिसेनाशी झाली. कुणी म्हणालं जीव दिला, कुणी म्हणालं पळून गेली. ती घाट चढून गेली होती.

घाटावर एका संस्थानाच्या गावी शिरवळकरबुवा म्हणून मोठे गवई होते. त्यांच्या ओटीसमोर ही जाऊन उभी राहिली. पायांना फोड आलेले, अंगाला मासळीचा वास. बुवांच्या शिष्यांनी नाकाला उपरणी लावली. बुवा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय पाहिजे, मुली?"

"गानं."

"कशाला? दरबारात गायचंय? नाव काढायचंय?"

"नाय. माजा सूर दुसऱ्याच्या सुरात जातो. तो जाऊ नये, येवडंच शिकवा."

शिष्य हसले. बुवाही हसले, म्हणाले, "अगं, इथे सगळे सुरात सूर मिळवायला येतात. तू पहिलीच अशी, जिला मिळवायचा नाहीये." मग मथुरेनं होडीची हकिगत सांगितली. शेवटी म्हणाली, "बुवा, मिसळला तवा लय गोड लागला. तेच मना खुपतंय." झोपाळा थांबला. बुवांनी तिला पुन्हा कधी कशाला गायचंय म्हणून विचारलं नाही.

तो काळ कसा होता ते तुम्हाला ठाऊक आहे. खारव्याच्या पोरीला माजघरात जागा नव्हती. ती परसात निजायची, पाणी भरायची, अंगण सारवायची आणि पडवीत बसून शिकायची. बुवांनी तिला एकच सूर दिला, षड्ज. ती तो धरून बसायची आणि बुवा शेजारी दुसऱ्या शिष्याला बसवून पंचम म्हणायला लावायचे. मथुरेचा सूर सरकला की बुवा नुसते तिच्याकडे बघायचे. पुन्हा पहिल्यापासून. आधी एक शिष्य, मग दोन, मग सगळी पडवी तिच्या अवतीभवती वेगवेगळे सूर लावून बसायची. बुवांची बायको म्हणायची, "पोरीला वेड लावाल एक दिवस." मथुरेचा षड्ज मात्र हळूहळू पक्का होत गेला. सांगतात, की तिनं सूर लावला की पडवीतल्या पिंपातलं पाणी थरथरायचं आणि परसातल्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबायच्या.

मग एक दिवस बुवा म्हणाले, "आता राग शीक."

"मना येकच सूर हवा, बुवा."

"बाकीच्यांना ओळखत नाहीस, म्हणून त्यांच्या मागे जातेस. सगळ्यांच्या घरी जाऊन ये. मग आपलं घर सोडवणार नाही."

म्हणून ती राग शिकली. भैरव शिकली, तोडी शिकली, मारवा शिकली, ज्यात षड्जाला लवकर हात लावता येत नाही आणि जीव कासावीस होतो. बरीच वर्षं गेली. परसात निजणारी मथुरा आता बैठकीत मधोमध बसू लागली आणि ज्यांनी नाकाला उपरणी लावली होती, ते तिच्या मागे तानपुरे धरू लागले. शेवटी खुद्द संस्थानिकांचं बोलावणं आलं. दरबारात कायमची नेमणूक, राहायला घर, दारात घोडागाडी. बुवांना भरून आलं. ही बातमी घेऊन ते पडवीत आले तेव्हा मथुरा आपलं गाठोडं बांधत होती.

"हे काय?"

"बुवा, थंडी लागली. खाडीत धुकं उतरलं आसंल."

बुवांनी आत जाऊन आपली शाल आणली आणि तिच्या खांद्यांवर घातली.

मथुरा खारवेळीला परतली. भागीनं दार उघडलं नाही. मथुरा बंदरावरच्या जाळ्यांच्या खोपीत राहिली. पहाटे धुकं उतरलं की उजव्या खडकावर जायची आणि नुसती उभी राहायची. हाक देता येत नव्हती, कारण एकट्या हाकेवर होडी सरळ हाकेच्या दिशेनंच येते, म्हणजे खडकावरच. समोर कुणीतरी हवं होतं. गावातल्या बायकांना तिनं विचारलं. त्या म्हणाल्या, "ती जागा भागीची हाय. आमी कशा चडू?" आणि भागी तिच्याकडे बघतही नव्हती. एवढं शिकून मथुरा खडकावर मुकी उभी राहायची आणि धुकं फिटलं की खोपीत परत जायची. गावातली पोरं तिला चिडवायचीसुद्धा, मुकी गवईण म्हणून.

धर्माचा मुलगा लखू आता मिसरूड फुटलेला जवान झाला होता. आईचं न ऐकता समुद्रावर जायचा. पौषातल्या एका पहाटे धुकं आलं आणि त्याच्या मागोमाग, कधी आला नव्हता एवढा वारा आला. बाहेर लाटा उठल्या. होड्यांना आता बाहेर थांबणं शक्य नव्हतं आणि आत येणं तर त्याहून शक्य नव्हतं. सगळं गाव बंदरावर जमलं. तेवढ्यात खोपीच्या दारात भागी येऊन उभी राहिली. केस पांढरे झाले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बहिणीशी बोलली.

"लखू भायेर हाय."

एवढंच बोलली आणि डाव्या खडकाकडे चालू लागली.

मथुरा उजव्या खडकावर चढली. तिनं जाड हाक लावली. समोरून बारीक हाक यायला हवी होती. आली नाही. भागी तिकडे तोंड उघडून उभी होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण धर्मा गेल्यापासून तिनं कधी हाक दिली नव्हती आणि गळ्यातून नुसता वारा निघत होता. मथुरेला यातलं काही दिसत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आपली हाक एकटी आहे आणि या एकट्या हाकेवर लखूची होडी खडकाकडे येते आहे. हाक थांबवावी तर होडी समुद्रात जाणार. आपणच वर सरकून बारीक हाक द्यावी, असं तिला वाटलं. अगदी त्याच जागी, अगदी तोच मोह. ती हलली नाही. भागीच्या आवाजाची वाट बघत तिनं आपला सूर धरून ठेवला, आणि जितकी ती वाट बघत गेली तितका तो सूर खोल होत गेला.

सांगतात, की आधी खाडीचं पाणी शहारलं. मग बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या फळ्या गुंजायला लागल्या. बायकांच्या हातांतल्या बांगड्या आपोआप किणकिणल्या. आणि मग डाव्या खडकावरून बारीक हाक आली. स्वच्छ, सरळ, भागीच्या तरुणपणच्या आवाजात. भागी मरेपर्यंत सांगायची, "आवाज माजा नव्हता. मी निस्ती तोंड उगडून उबी होते. माज्या पायाखालचा खडक गात होता." ज्यांना गाण्यातलं कळतं ते म्हणतात, षड्ज खरा लागला की पंचम त्याच्या पोटातूनच बोलतो. खारवेळीची माणसं म्हणतात, धर्मानं हाक दिली. दोघांनाही आपण खोटं पाडू नये.

होड्या एकामागून एक आत आल्या. लखूची सगळ्यांच्या शेवटी. तो उडी मारून उतरला आणि धावत आईकडे गेला. "आये, तुजी हाक आयकली मी! म्हातारे सांगायचे तशीच हाय गो!" भागीनं त्याला जवळ घेतलं. त्याचं म्हणणं तिनं खोडलं नाही. मग ती उजव्या खडकापाशी गेली. मथुरा अजून हाक देतच होती. सगळ्या होड्या आल्या हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

भागीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "आल्या सगळ्या. गप आता."

मथुरा थांबली. "आका, माजा सूर हालला काय गो?"

"नाय हालला," भागी म्हणाली. "घरी चल. पेज निवतेय." आणि मग दोघी बहिणी त्या खडकावर इतक्या रडल्या, की भरतीचं पाणी मागे फिरलं असं सांगतात.

मथुरा दरबारात पुढे गायली, मोठी झाली, घाटावर तिचं नाव अजून घेतात. पण मार्गशीर्ष लागला की ती खारवेळीत असायची आणि तिच्या हयातीत त्या मुखात पुन्हा होडी फुटली नाही.

आता होड्यांना यंत्रं आली, मुखावर दिवा आला. तरी दर वर्षी पहिलं धुकं पडतं त्या पहाटे गावात ज्यांचं बोलणं तुटलेलं असेल अशा दोघांना मथुरेच्या नावानं दोन खडकांवर उभं करतात. भाऊ असोत, जावा असोत, नाही तर बांधावरून भांडलेले शेजारी. प्रत्येकानं आपापला सूर धरायचा, दुसऱ्याच्यात जायचं नाही, आणि दोघांच्या मधून एक होडी आत आणायची. होडी आली की दोघांना एकाच ताटात पेज वाढतात.

आणि आणखी एक. खारवेळीचं पोर गाणं शिकायला घाटावर निघालं, की बंदरावरची माणसं त्याला कधी विचारत नाहीत, की तू केवढा होणार, कुठं गाणार. त्याच्या हातात नारळ देतात आणि विचारतात, "कोनाची होडी आनायची हाय?" बरीच पोरं गोंधळतात, काही रडतात. ज्याला नाव सांगता येतं त्याला घाटापर्यंत सगळं गाव पोचवायला जातं.