न प्यालेली वाटी

एका राज्यात पाऊस पडे, पण जमिनीत मुरत नसे. आडात पोहरा सोडावा, तर वर वाळू येई. गुरं हंबरून हंबरून गप्प झाली होती. आणि हे सारं कशानं, म्हणाल? तर राजाच्या हाडांत सोनं शिरलं होतं, त्यानं.

राजाचं नाव कुंजरसेन. त्याच्या बापानं एका मांत्रिकाचा पुरलेला खजिना उकरला. आधी ओंजळभर घेतला, मग गाडाभर, मग तळ खरवडला. मांत्रिकानं शाप दिला, "हे सोनं तुमच्या हाडांत उतरो." बाप मेला, पण शाप कुठला मरतोय! थोरल्या लेकाच्या, वीरधवलाच्या हाडांत तो उतरला, आणि वीरधवल गेल्यावर धाकट्या कुंजरसेनाच्या. कातडी भेगाळली. चालताना सांधे वाजू लागले. एवढंही राजानं सोसलं असतं. पण एका सकाळी त्याची लेक इंदुलेखा केस विंचरायला बसली, आणि फणी तिच्या हातून गळून पडली. पोरीची बोटं सोन्याची झाली होती, मिटत नव्हती. त्या दिवशी राजा ओक्साबोक्शी रडला.

रडून झाल्यावर उठला आणि डोंगरावरच्या तिक्तांबेकडे गेला. तिक्तांबा मोठी मांत्रिकीण. कडू औषधांत तिचं आयुष्य गेलेलं, बोलणंही तसंच.

"आलास? तुझा भाऊही आला होता," ती म्हणाली. "तुझ्यातलं सोनं निघालं, की पोरीच्या हातातलं आपोआप उतरेल. पण हाडाला चिकटलेलं सोनं सुकं ओढलं, तर हाड फोडून येईल. आधी औषधी तूप पाजून ते आतून सुटं करावं लागतं. मग अंगाला वाफ, मग ओकारीचा काढा. जा, काळ्या गाईचं तूप आण, रडणाऱ्या झाडाची साल आण, आणि कधी न निवणाऱ्या झऱ्याचं पाणी आण."

काळी गाय वाघाच्या गुहेत बांधलेली. राजानं वाघ मारला. रडणारं झाड हाक मारून मेलेल्यांची नावं सांगे. राजानं कानांत बोळे घातले आणि साल सोलली. कढत झऱ्याच्या काठी आंधळा नाग. त्याच्या फण्यावर पाय देऊन राजानं घागर भरली. तिन्ही कामं मनगटाची, आणि मनगट राजाकडे होतं. खरं काम पुढंच होतं, बाबांनो.

तिक्तांबेनं सालीचा काढा घालून तूप कढवलं. हिरवट, कडू, उग्र वासाचं. म्हणाली, "रोज उजाडता रिकाम्या पोटी प्यायचं, वर झऱ्याचं कढत पाणी. तूप जिरून कडकडून भूक लागेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. रोज वाटी मोठी होईल."

"किती दिवस?"

"ते तुझं अंग सांगेल. तीन खुणा आहेत. कातडी मऊ होईल. शौचाला तुपाची झाक येईल. आणि तूप नुसतं पाहून शिसारी येईल. तिन्ही जुळल्या की थांब. आधी थांबलास, तर सोनं हाडं फोडेल. नंतर थांबलास, तर तूप सोन्याला घेऊन हाडांत कायमचं जिरेल. आणि 'पुरे' तूच म्हणायचंस. हाव तुमच्या घराण्याची होती. दुसरं कुणी तो शब्द बोललं, तर तुपाचं विष होईल."

राजा मान हलवून घरी आला. पण त्या घराण्याची रीत ठाऊक आहे का? राजानं ताटावर आडवा हात धरायचा नाही. वाढणाऱ्यानं वाढत जावं, राजानं संपवत जावं. ज्यानं 'पुरे' म्हटलं तो कसला राजा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. कुंजरसेनाच्या तोंडात तो शब्द जन्मात आला नव्हता.

वाड्याच्या चौकात वीरधवल बसलेला होता. बसलेला म्हणजे, पिवळ्या दगडासारखा घट्ट झालेला. हातात वाटी, ओठांवर तुपाचा थेंब. त्याच्या खांद्यावर लाल डोळ्यांचा एक भारद्वाज बसे. हा पक्षी माणसासारखं बोले, पण कानांनी ऐकलेलंच बोले. वीरधवलासमोर पाट मांडून कुंजरसेन रोज तूप पिई. वाटी रक्ताच्या नात्यानंच द्यायची, म्हणून इंदुलेखा दोन ताठ हातांत धरून आणी. दिवसागणिक तिचं सोनं कोपराकडे चढत होतं. राजा ते पाही आणि घटाघटा पिई.

पहिल्यांदा भेगा मिटल्या, तळहात मऊ झाले. मग दुसरी खूण आली. गोष्टीत शौचाचं नाव कशाला, असं नाक मुरडू नका. राजालाही पोट असतंच.

आणि एका पहाटे वाटी समोर आली. वास आला, आणि मान आपोआप फिरली. सारं अंग नको नको म्हणू लागलं. राजाला समजलं. समजलं, तरी त्याचा हात पुढे गेला.

त्याच्या मनात आलं, ही शिसारी नसेल, भीती असेल. वाघाला भ्यालो नाही, नागाला भ्यालो नाही, आता वाटीला भिऊ? आणि पोरीचे हात तर कोपरापर्यंत गेलेत. आणखी एक वाटी प्यालो, तर तिच्यातलं सोनं नक्की उतरेल. बापाचं काळीज असंच. इंदुलेखा समोर उभी होती. तिलाही कळलं होतं. पण तिनं ओठ दातांत दाबले, रक्त आलं तरी उघडले नाहीत.

वाटी राजाच्या ओठाला लागली.

तेव्हा भारद्वाज बोलला. आवाज वीरधवलाचा. "ही शिसारी नाही, भीती आहे. आणखी एक वाटी पितो, म्हणजे कुंजरच्या वाट्याला शापातलं काही उरणार नाही."

राजा गारठला. आजवर त्याला वाटे, दादा हावेनं गेला. दादा तर त्याच्यासाठी गेला होता. हीच वाटी, हेच शब्द, हीच माया. आणि त्यातून धाकट्याला काय मिळालं? हाडांतलं सोनं.

राजानं वाटी खाली ठेवली. तिच्यावर आडवा हात धरला.

"पुरे," तो म्हणाला. "पोरी, पुरे झालं."

मग विसावा झाला, वाफ झाली, आणि काढा पोटात जाताच राजा ओकला. आधी तूप, मग पिवळं पाणी, मग झळझळीत सोनं, परातीच्या पराती. इंदुलेखेच्या हातातला पिवळेपणा उतरत गेला, आणि तिची बोटं बापाच्या पाठीवर मिटली. बाहेर पाऊस होता. त्या दिवशी तो जमिनीत मुरला, आडांना पाणी आलं. बापानं उकरलं होतं तिथंच राजानं सोनं परत पुरलं.

वीरधवल मात्र उठला नाही. कुंजरसेनानं त्याला हाका मारल्या, कोवळ्या हातांनी हलवलं. दगड तो, हलतोय कशाला. शाप फिटला, पण गेलेलं माणूस गेलंच.

राज्य सुखी झालं, तुमचंही होवो. राजा फार वर्षं जगला. रोज जेवताना भूक भागली की तो ताटावर आडवा हात धरी, आणि आचवायच्या आधी चौकात जाऊन दादाच्या ओठांवरचा तुपाचा थेंब पुसून येई. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आलेला असे.